भेकर-सांबरांसाठी बारमाही चाऱ्याची जागा : कोकणातील जमीनमालकांसाठी मार्गदर्शन

कोकणात असंख्य कुटुंबांकडे घराच्या वरच्या अंगाला डोंगरउताराचा एखादा तुकडा असतो. त्यात भात होत नाही, आंबा-काजूची कलमे लावायला मनुष्यबळ नसते, हिस्सेदार मुंबई-पुण्याला असतात आणि मग काही वर्षांनी उभे रान एकगठ्ठा लाकूडतोडीला दिले जाते. असा तुकडा तोडीला न देता भेकर, सांबर, पिसोरी यांसारख्या वन्य प्राण्यांना वर्षभर खायला मिळेल अशा रीतीने राखण्याची ज्यांची मनापासून इच्छा आहे, पण सुरुवात कोठून करावी हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

अमेरिकेसारख्या देशांत हरणांसाठी क्लोव्हर, ओट, सलगम अशी पिके पेरून चाऱ्याचे तुकडे राखण्याची पद्धत आहे. तेथील थंडी, तेथील बर्फ आणि तेथे कायद्याने मान्य असलेला शिकारीचा हंगाम यांच्याशी ती जोडलेली आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि आमिष दाखवणे, फासा लावणे, हाका घालून प्राण्यांना हुसकावणे याही गोष्टी त्या कायद्याने शिकारीच्या व्याख्येत धरल्या आहेत. आपली टंचाईही वेगळ्या महिन्यांत येते. म्हणून तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलून उपयोग नाही. कोकणात चाऱ्याची जागा पीक पेरून होत नाही. कोणते झाड कोणत्या महिन्यात काय देते याचे वेळापत्रक मांडून, त्यातला रिकामा महिना शोधून आणि आगीपासून व मोकाट गुरांपासून जागा राखून ती होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीतून निघतात.

आधी वर्षभर पाहणे

पहिल्या वर्षी काहीही लावू नये. या वर्षात आपल्या जागेत कोण येते, कोठून येते आणि काय खाते एवढेच पाहावे. कोकणातील उतारांवर बहुधा भेकर असते. ते एकटे किंवा जोडीने राहते, झुडपांच्या आडोशातून फारसे बाहेर पडत नाही आणि धोका वाटला की कुत्र्यासारखे भुंकते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या आणि मोठ्या सलग जंगलाच्या बाजूला सांबर येते. पिसोरी ही खऱ्या अर्थाने हरीण नव्हे; तिला शिंगे नसतात, वजन तीन-चार किलोच्या आत असते आणि ती रात्री बाहेर पडते, त्यामुळे ती आपल्या जागेत असूनही अनेकांना ठाऊक नसते. हे तिन्ही प्राणी एकत्र पाहायचे असतील तर रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्यात जावे. पूर्वी ती जंजिऱ्याच्या नवाबाची राखीव शिकारीची जागा होती आणि 1986 मध्ये अभयारण्य झाली. प्राणी दिसले नाहीत तरी चालेल; तेथील पाणवठ्यांभोवतीची, म्हणजे स्थानिक लोक ज्यांना ‘गाण’ म्हणतात त्यांच्याभोवतीची झाडे नीट पाहून यावीत.

खुणा वाचायला शिकणे कठीण नाही. ओल्या मातीत भेकराचा खूर साधारण तीन सेंटीमीटर लांब उमटतो, पिसोरीचा त्याच्या जवळपास निम्मा आणि सांबराचा दुपटीहून मोठा. कोवळा शेंडा तिरका आणि चाकूने कापल्यासारखा स्वच्छ तुटला असेल तर तो सशाने खाल्ला असे समजावे. या प्राण्यांना वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते फांदी ओढून तोडतात आणि टोक फाटलेले, दोरे निघालेले राहते. गुरांनी आणि शेळ्यांनी खाल्लेले टोकही असेच दिसते, म्हणून खूर आणि लेंड्या पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सर्वांत बोलकी खूण हिवाळ्यात सापडते. भेकर आणि पिसोरी आवळा, बेहडा, आंबाडा अशी फळे अख्खी गिळतात आणि नंतर निवांत जागी बसून रवंथ करताना आतली कठीण बाठ तोंडातून टाकून देतात. एखाद्या जाळीखाली, आवळ्याचे झाड आसपास नसताना, आवळ्याच्या पाच-पंचवीस कोरड्या बिया एकाच जागी पडलेल्या दिसल्या तर ती त्या प्राण्याची बसण्याची जागा आहे हे नक्की. अशा जागा कागदावर खुणेने मांडून ठेवाव्यात. पुढे लागवड करताना त्यांना हात लावायचा नाही, तेथली झुडपे साफ करायची नाहीत आणि तेथून पायवाटही काढायची नाही.

कागदपत्रे आणि घरची संमती

सातबारा उतारा काढून जमिनीवर खाजगी वनाची नोंद आहे का, इतर हक्कात कोणाची नावे आहेत, हे पाहावे. सामाईक जमीन असेल तर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी, कारण दहा वर्षे राखलेले रान एका हिस्सेदाराच्या सहीवर तुटल्याची उदाहरणे गावोगावी आहेत. कोणतेही उभे झाड तोडण्यापूर्वी वन खात्याकडे चौकशी करावी. एवढे झाले की पुढच्या कामाला लागावे.

जागा निवडणे

संपूर्ण जमीन हाताळण्याची गरज नसते. दहा-पंधरा गुंठ्यांचा तुकडा नीट राखता आला तरी पहिल्या काही वर्षांना तो पुरेसा आहे. हा तुकडा शेजाऱ्याच्या भातखाचरापासून, भाजीच्या मळ्यापासून आणि डांबरी रस्त्यापासून जितका लांब असेल तितका चांगला. शक्यतो वरच्या अंगाला, एखाद्या पऱ्याच्या किंवा व्हाळाच्या (छोट्या ओढ्याच्या) कडेने, जुन्या झाडीला लागून असावा. भेकर उघड्यावर फार वेळ थांबत नाही, म्हणून चाऱ्याच्या मोकळ्या जागेपासून पंधरा-वीस पावलांत दाट आडोसा हवाच. मोकळी जागा चौकोनी आखू नये. तिची कड जितकी वेडीवाकडी, तितका आडोशाला लागून असलेला चारा जास्त.

उघडा कातळ किंवा सडा (जांभ्या खडकाचे सपाट पठार) या कामासाठी अजिबात घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. वरवर ओसाड दिसणाऱ्या सड्यावर पावसाळ्यात स्वतःची वेगळी वनस्पतीसृष्टी उभी राहते आणि ती इतरत्र सहज होत नाही. जांभ्यात सुरुंगाने खड्डे पाडून तेथे झाडे लावणे म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा न उभारणे होय. शिवाय रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक सड्यांवर कातळशिल्पे आहेत, ज्यांचा समावेश 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. मातीने झाकलेली शिल्पे खड्डे खणताना कायमची नष्ट होऊ शकतात.

बारा महिन्यांचा तक्ता

एका मोठ्या कागदावर बारा रकाने आखावेत आणि पहिल्या वर्षी आपल्या जागेत जे जे फुलले, फळले, पालवले ते त्या त्या महिन्यात लिहावे. ज्या रकान्यात काहीच उरत नाही तो महिना म्हणजे आपले खरे काम.

जून ते सप्टेंबर हा रकाना भरून वाहतो. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात पावसाळ्यात कोवळे गवत, वेली, रानभाज्या, बांबूचे कोंब यांची रेलचेल असते, त्यामुळे या चार महिन्यांसाठी काहीही लावण्याची गरज नाही. ऑक्टोबरपासून गवत पिकते, कुसळे धरते आणि खाण्यालायक राहत नाही. याच वेळी मोकळ्या जागेतील गवताचा निम्मा भाग विळ्याने कापून काढावा, आणि तो पूर्ण पिकण्याआधी, म्हणजे सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काढावा. जमिनीत ओल असेपर्यंत त्याच बुडख्यांना पुन्हा कोवळे फुटवे येतात आणि ते नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चरण्यास मिळतात. उरलेला निम्मा भाग बी पडण्यासाठी आणि लपण्यासाठी उभा ठेवावा व पुढच्या वर्षी अदलाबदल करावी.

डिसेंबर ते मार्चचा मध्य हा बहुतेक ठिकाणी रिकामा रकाना असतो. गवत वाळलेले असते, पानझडी झाडे पाने टाकतात आणि चैत्रपालवी अजून यायची असते. पूर्वी हा काळ आवळा, बेहडा, आंबाडा आणि बोरी यांच्या फळांवर निघत असे. लाकूडतोडीत आणि कलमांसाठी केलेल्या सफाईत हीच झाडे आधी गेली. म्हणून लागवडीत पहिला मान या चार झाडांना द्यावा. आवळे आणि बेहडे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत झाडाखाली पडत राहतात आणि एकेक झाड आठवडेच्या आठवडे पुरते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फळांची जागा फुले घेतात. काटेसावर, पळस आणि पांगारा या तीन झाडांची फुले या दिवसांत गळतात. सावरीच्या फुलाच्या पाकळ्या जाड, मांसल आणि ओलसर असतात. पाण्याची टंचाई सुरू होत असताना त्या पोटभरीबरोबर थोडी ओलही देतात. पहाटे सावरीखाली फुलांचा सडा असतो आणि उजाडल्यावर पाहावे तर देठांकडचे हिरवे कठीण भाग तेवढे उरलेले असतात. माझ्या मते दहा गुंठ्यांत दोन-तीन सावरी लावणे हे या संपूर्ण योजनेतील सर्वांत फलदायी काम आहे. मात्र अनेक गावांत शिमग्याच्या होळीसाठी सावरच तोडली जाते, आणि तीही नेमकी फुलांच्या दिवसांत. म्हणून लागवडीपूर्वीच गावच्या मानकऱ्यांशी बोलून ठेवावे आणि होळीसाठी एक-दोन सावरी गावाजवळ स्वतंत्र लावून द्याव्यात. गावाचा मान राहतो आणि आपली झाडेही राहतात.

मार्च-एप्रिलमध्ये पालवी येते. ऐन, किंजळ, धामण, शिवण यांची कोवळी पाने आणि बुंध्याजवळचे फुटवे भेकरांच्या तोंडाच्या उंचीवर असले की या दोन महिन्यांचा प्रश्न मिटतो. त्यासाठी नवी झाडे लावावी लागत नाहीत. पूर्वी तोडलेल्या झाडांच्या खोडांना फुटवे येतच असतात, ते फक्त जळू द्यायचे नाहीत. एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत करवंद, तोरण, रातांबा (कोकम), शिवणीची पिवळी फळे, मग जांभूळ, भोकर आणि रायवळ आंबा असा क्रम लागतो. यातील करवंद आणि तोरण झुडूपवर्गी, काटेरी आणि आडोसा देणारी असल्यामुळे त्यांच्या जाळ्या कडेने वाढू द्याव्यात. एप्रिल-मेमधली खरी टंचाई चाऱ्यापेक्षा पाण्याची असते; तिचा विचार पुढे येईल.

उंबर या तक्त्यात कोणत्याही एका रकान्यात बसत नाही. ते वर्षातून अनेकदा फळते, वेगवेगळी झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात आणि फळे थेट खोडावर येऊन खाली पडतात. पऱ्याच्या काठाला जागा असेल तर दोन उंबर लावावेतच.

काय लावू नये, काय टाकू नये

मका, चवळी, भुईमूग, रताळे असे कोणतेही पीक या जागेत पेरू नये. ते भेकरांपेक्षा रानडुकरांना आणि माकडांना आधी सापडते, त्यांना पिकाची चटक लागते आणि त्याची किंमत शेजारचा शेतकरी भातातून आणि भाजीतून मोजतो. ज्याचे पीक आपल्यामुळे गेले तो उद्या या प्राण्यांचा शत्रू होतो, आणि त्यात त्याची चूक नसते. धान्य, भाकऱ्या, शिळा भात किंवा मिठाचे गोळेही ठेवू नयेत. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात एकदम पुष्कळ धान्य गेले तर आम्ल वाढून तो दगावू शकतो. शिवाय एकाच जागी रोज खाणे मिळू लागले की प्राणी तेथे ठरावीक वेळी येतात आणि ही वेळ शिकाऱ्यालाही कळते.

रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून येऊन माजलेली झुडपे मात्र काढावीच लागतात. रानमोडी हिवाळ्यात फुलते आणि तिचे बी वाऱ्यावर उडते. म्हणून ती जुलै-ऑगस्टमध्ये, माती मऊ असताना मुळासकट उपटावी. ऐन पावसात हे काम अंगावर येते, पण तेव्हाचे एक तासाचे काम उन्हाळ्यात दिवसभर घेऊनही तितके नीट होत नाही. घाणेरी एकदम साफ करू नये, कारण तिच्या जाळीत कोणीतरी बसत असते. टप्प्याटप्प्याने, तिच्या जागी करवंद वाढत जाईल त्या बेताने ती कमी करावी.

रोपे आणि लागवड

बी आपल्याच परिसरातील झाडांचे गोळा करावे. आवळ्याची फळे उन्हात वाळवली की बाठ तडकते आणि बी मोकळे होते. ते रात्रभर भिजवून पिशवीत पेरावे. बेहड्याच्या आणि शिवणीच्या बाठी काही दिवस भिजत घालाव्या लागतात. जांभूळ, रातांबा आणि आंबा यांचे बी साठवून ठेवता येत नाही; फळ खाल्ल्यावर त्याच आठवड्यात पेरले तरच भरवसा. पांगारा आणि काटेसावर यांचे मनगटाएवढे जाड खुंट पावसाच्या तोंडावर लावले तर ते सहसा धरतात. निगडीच्या काड्याही सहज मुळे धरतात आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणासाठी ती उत्तम.

खड्डे एप्रिल-मेमध्ये दीड ते दोन फूट लांब, रुंद आणि खोल असे खणून तापू द्यावेत, मग पालापाचोळ्याचे कुजलेले खत आणि वरची माती मिसळून भरावेत. पहिल्या पावसाला लगेच लागवड करण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत रोपे लावावीत. म्हणजे पुढचे अडीच-तीन महिने त्यांना मूळ धरायला मिळतात. दोन रोपांत चार-पाच मीटर अंतर ठेवावे आणि उतारावर प्रत्येक रोपाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकार बांध घालावा, नाहीतर जुलैच्या सरींत माती वाहून जाते. रांगा आखू नयेत.

गंमत अशी, की ज्यांच्यासाठी झाडे लावायची तेच प्राणी ती आधी खाऊन टाकतात. म्हणून प्रत्येक रोपाभोवती करवंदीच्या किंवा बोरीच्या काटेरी फांद्यांचे कडे करावे. भेकर असेल तर चार फूट उंची पुरते. सांबर येत असेल तर सहा-सात फुटांपर्यंत जावे लागते, आणि नर शिंगे घासतो म्हणून मजबूत खुंटही हवा. संपूर्ण तुकड्याला तारेचे कुंपण घालू नये, त्यात प्राणी अडकतात. दगडी गडगा असेल तर तो ठीक करावा, पण दर पन्नास-साठ पावलांवर पिसोरी जाऊ शकेल एवढे भोक तळाशी ठेवावे आणि माणसांसाठी बेडे (आडव्या वाशांचे फाटक) घालावे.

वणवा

कोकणात राखलेले रान बहुधा वणव्यात जाते. एका आगीत तीन-चार वर्षांची रोपे, फुटवे, पालापाचोळा आणि त्यातले बी असे सगळे जाते, आणि पुढच्या पावसात तेथे कुसळी गवत व रानमोडी यांचेच राज्य येते. याची मुख्य वेळ जानेवारीपासून मेपर्यंत. भातकापणीनंतर गुरे मोकाट सुटतात, गवताला कोवळे फुटवे यावेत म्हणून काही जण डोंगर पेटवतात, आणि तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागेवर कवळ (तोडलेल्या पालेदार फांद्या), पालापाचोळा व शेण पसरून पेटवलेली भाजावळ कधी कधी हाताबाहेर जाते.

डिसेंबर संपण्यापूर्वी तुकड्याच्या चारी बाजूंनी जाळरेषा काढावी. किमान बारा-पंधरा फूट रुंदीच्या पट्ट्यातील गवत आणि पाला जमिनीपर्यंत खरवडून आत ओढून घ्यावा. हा पट्टा जाळून करण्याची पद्धत आहे, परंतु नवशिक्याने ती वापरू नये. फेब्रुवारीत पानगळीने पट्टा पुन्हा झाकला जातो, म्हणून तो आणखी एकदा झाडावा लागतो. अनेक जण पहिल्या वेळेलाच थांबतात आणि मार्चमध्ये पस्तावतात. शेजाऱ्यांशी भाजावळीचा दिवस ठरवून घ्यावा, त्या दिवशी स्वतः किंवा आपला माणूस ओल्या फांद्या आणि पाण्याचे हंडे घेऊन हजर राहावा. मुंबईत राहणाऱ्या मालकाने गावातील एका विश्वासू माणसाला जानेवारी ते मे अशी पाच महिन्यांची रोजंदारी देऊन राखणदार ठेवणे हे रोपांवर खर्च करण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. दोन्हींसाठी पैसे पुरत नसतील तर रोपे राहू द्यावीत आणि राखणदार ठेवावा. आग आणि कुऱ्हाड नसेल तर कोकणातील जमीन पाच-सात पावसाळ्यांत स्वतःच बरेच काही उगवते.

पाणी

पऱ्याला नोव्हेंबरमध्ये धार असते, तेव्हाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून छोटा वनराई बंधारा घालावा. त्यामुळे पाणी काही आठवडे जास्त टिकते आणि काठावरची झाडे हिरवी राहतात. उन्हाळ्यासाठी कृत्रिम पाणवठा करायचा असेल तर तो बशीसारखा उथळ आणि सर्व बाजूंनी उतरता असावा. उभ्या भिंतींच्या टाकीत पिल्ले आणि पिसोरी पडून मरतात. जमिनीत बिनकठड्याची जुनी विहीर असेल तर आधी तिला कठडा बांधावा. पाणवठ्यात पाणी भरणे एकदा सुरू केले की पहिल्या पावसापर्यंत मध्येच बंद करू नये, कारण प्राणी त्यावर विसंबून आसपास राहतात.

राखणीची नियमित कामे

महिन्यातून दोनदा प्राण्यांच्या वाटांवरून हळू चालत जावे आणि वाकून, गुडघ्याच्या उंचीवर तारेचे किंवा दोरीचे फासे लावले आहेत का ते पाहावे. फासा सापडला तर फोटो काढून वन खात्याला कळवावे. महाराष्ट्र वन विभागाची मदतवाहिनी 1926 या क्रमांकावर आहे. जखमी प्राणी किंवा एकटे दिसणारे पिल्लू उचलून घरी आणू नये. भेकराची मादी पिल्लाला झुडपात लपवून चरायला जाते आणि परत येते. आपण उचललेले पिल्लू बहुतेक वेळा वाचत नाही. गावातील मोकाट कुत्री भेकरांचा पाठलाग करून मारतात, म्हणून राखणीला जाताना कुत्रा सोबत नेऊ नये. आपल्या जागेत प्राणी दिसू लागले तरी त्यांचे फोटो ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

रोपांकडून पहिली तीन वर्षे काही अपेक्षा ठेवू नये. करवंद लवकर फळते. बियांपासून वाढलेला आवळा साधारण सहा ते आठ वर्षे घेतो, बेहडा आणि सावर त्याहून अधिक. या मधल्या काळात गवताची कापणी, फुटवे आणि पाणी यांवरच जागा चालते. दर वर्षी मे महिन्यात तक्ता पुन्हा काढून त्या वर्षीच्या नोंदी वेगळ्या शाईने भराव्यात, मेलेल्या रोपांच्या जागी तीच जात पुन्हा लावायची की दुसरी हे खुणा पाहून ठरवावे, आणि जूनच्या मध्यापर्यंत नव्या रोपांचे खड्डे भरून तयार ठेवावेत.